साडेनऊ मिलीमीटर

दुपारची झोप झटकून
रुवीतली शटरं चार वाजता वर जातात.
मी पहिलं गिऱ्हाईक.
काखेत लॅपटॉप, टॉवेलात गुंडाळलेला,
गुरांच्या डॉक्टरकडे आजारी कोंबडी न्यावी तसा.

शिहाबने कान लावला.
टक्. जरा थांबून, टक्.
‘हार्डडिस्क गेली. बाकी सगळं ठीक.’
बाकी सगळं म्हणजे
झिजून पुसलेला एंटर,
एका बिजागरीला चिकटपट्टी,
आणि चौदा वर्षं.

त्याने काचेवर तीन मांडल्या.
पहिली मिनिटाला पाच हजार चारशे फेरे घेणारी,
जागा ऐसपैस, भाव कमी.
दुसरी तिचीच तापट बहीण,
सात हजार दोनशे. बॅटरी खाईल, म्हणाला.
तिसरीच्या आत काही फिरतच नाही.
उचलली तर वाटलं, रिकामं खोकं दिलंय.
अठरा रियाल.
मी मनात रुपये केले.
एकवीस वर्षं करतोय, सुटत नाही.

फोनवर ऋजुता, चिपळूणहून:
‘बाबा, न फिरणारीच घ्या.’
अगं, जुन्या मशीनला तिचा वेग पेलायचा नाही,
अर्धाच मिळेल म्हणतो हा.
‘अर्धा म्हणजे सुद्धा आत्ताच्या कितीतरी पट.’

नझीर परकार, माझ्या खोलीतला, दाभोळचा,
दारात टेकून सगळं ऐकत होता.
‘चार आण्याची कोंबडी,’ म्हणाला,
पुढचं बोललाच नाही. मसाल्याकडे बघत राहिला.

जागा किती हवी?
इथे मी अडकलो.
आहे काय माझ्याकडे?
लोकांचे व्हिला. सीबचे, बरक्याचे,
मजलिसला वेगळं दार,
मोलकरणीची खोली सहा बाय आठ.
आणि एक फोल्डर, ‘घर’.
गुहागरच्या साडेतीन गुंठ्यांवर
मी अकरा वेळा बांधलेलं.
‘घर एक’मध्ये पाळण्याचा हुक आहे.
‘घर पाच’मध्ये त्याच जागी अभ्यासाचं टेबल.
‘घर आठ’मध्ये पायऱ्या काढून उतार केला,
आईच्या गुडघ्यांसाठी.
‘घर नऊ’मध्ये पायऱ्या परत आहेत.
मग ‘घर फायनल’,
मग ‘घर फायनल वृंदा म्हणते तसं’.
सगळं मिळून भरतं केवढं?
एखाद्याच्या लग्नाच्या व्हिडिओच्या नखाएवढं.

‘सगळ्यात लहान दे.’
मग म्हणालो, ‘थांब. मधली.’

खोक्यावर पाच वर्षांची हमी.
माझा व्हिसा दोन वर्षांचा.
बिघडली तर पाचव्या वर्षी येऊ कुणाकडे?
‘मी तरी कुठे असणार इथे,’ शिहाब म्हणाला,
आणि बिलावर ठसठशीत शिक्का मारला.

नवी सात मिलीमीटर जाड.
जुनीची जागा साडेनऊ.
ठेवली तर आत डुगडुगते.
त्याने खणात हात घालून, बराच वेळ चाचपडून,
काळ्या प्लॅस्टिकची एक चौकट काढली,
अडीच मिलीमीटरची.
तिचे पैसे घेतले नाहीत.
चार स्क्रू चहाच्या कपाच्या झाकणात ठेवले होते,
एक खाली पडला. गुडघ्यांवर बसून
आम्ही तिघांनी तो शोधला,
तीन वेगवेगळ्या भाषांत शिव्या देत.

जुनीतलं नवीत यायला रात्र गेली.
एसीखाली नझीर घोरत होता,
ती टक् टक् करत एकेक फाइल सोडत होती,
म्हातारं माणूस किल्ल्या सोपवतं तशी.
पहाटे मोजल्या. दहा.
अकरावी वाचता येत नाही, असं पडद्यावर आलं,
तीनदा विचारलं, तीनदा तेच.

लॅपटॉप आता डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतो.
पूर्वी तेवढ्यात मी चहा करून यायचो.

वृंदाला फोन लावला.
स्वयंपाकघराची खिडकी तू कुठे सांगितली होतीस गं?
ती जरा वेळ काही बोलली नाही.
मागे नळ चालू होता, तो बंद केला.
‘तेव्हाचं जाऊ दे,’ म्हणाली,
‘आता वेगळं सांगते.
आणि या खेपेला कागद घे.’